नऊ सेंटिमीटर

गाड्या एकूण दोनशे बारा होत्या. शहरात रोज धावणारी प्रत्येक बस, एकही न सोडता, सहा जणांनी तीन रविवार तिन्ही आगारांत फिरून मोजली होती. त्यांतल्या एकशे एकोणनव्वद याच कारखान्यात बांधलेल्या, उरलेल्या तेवीस बाहेरून बांधून आलेल्या. बाहेरच्या तेवीस गाड्यांची पहिली पायरी रस्त्यापासून चौतीस ते छत्तीस सेंटिमीटरवर होती. कारखान्याच्या एकशे एकोणनव्वद गाड्यांची त्रेचाळीस ते पंचेचाळीसवर. नियमाच्या पुस्तकात पस्तीस लिहिलं होतं.

हे सगळं एका वहीत होतं, वही टेबलावर होती, आणि टेबलाभोवती बसलेली, कारखाना ज्यांच्या घरचा ती पाच माणसं वही सोडून बाकी सगळीकडे बघत होती.

सहावी मोजपट्टी. हे तिचं नाव नव्हे, पण नावानं तिला फक्त परीक्षेच्या निकालात हाक मारली गेली असेल. सातव्या वर्षी तिनं घरातल्या प्रत्येकाचं नाक मोजून आकडे भिंतीवर लिहिले होते, तेव्हापासून ती मोजपट्टी. सगळ्यांत मोठा आकडा काकांचा होता आणि काकांनी तो अजून माफ केलेला नव्हता.

"वाचून झालं?" काकांनी विचारलं.

"माझं झालंय. तुमचंच राहिलंय."

"मला आकडे कळतात. तुझ्या जन्माआधीपासून कळतात. एवढंच सांग, चार वाजता तिथं हे वाचणार आहेस?"

"हो."

"सगळं?"

"तीन मिनिटांत बसेल तेवढं. घड्याळ लावून पाहिलं, दोन मिनिटं चाळीस सेकंद लागतात."

दादा फस्सकन हसला आणि वडिलांची नजर वळताच खोकल्यासारखं केलं. दादा म्हणजे काकांचा मुलगा, कारखान्यातला सगळ्यांत हलक्या हाताचा वेल्डर आणि मोजपट्टीसारखाच त्या मोजणाऱ्या सहा जणांपैकी एक. बाकीचे चार म्हणजे एक नर्स, एक कंडक्टर आणि मोजपट्टीच्या कॉलेजातल्या दोघी. या सहा जणांनी मिळून शेडच्या मागच्या कोपऱ्यात एक छोटी सहकारी संस्था काढली होती. ते घडीची पायरी बनवत. दार उघडलं की ती खाली उतरायची, दार मिटलं की घडी होऊन गाडीच्या पोटात जायची. सात पायऱ्या शाळांच्या आणि दवाखान्याच्या गाड्यांना लागल्याही होत्या. पण शहराच्या बसला काहीही लावायचं तर त्यावर बस बांधणाऱ्याचा शिक्का लागतो, आणि शिक्क्याच्या कपाटाची किल्ली काकांच्या कमरेला असे.

बसथांब्यांवर उभं राहून त्यांनी चार हजारांवर सह्या गोळा केल्या होत्या, म्हणून आजच्या वाहतूक समितीच्या सुनावणीत 'पायऱ्यांची उंची' हा विषय आला होता. विषय क्रमांक सहा. विषय क्रमांक सात होता चाळीस नव्या गाड्या कुणी बांधायच्या हा.

"खिडकीतून खाली बघ," काका म्हणाले. "बघ ना. सदतीस माणसं कामावर आहेत. विषय सहा गाजला आणि सात बुडाला, तर त्यातल्या वीस जणांना मी घरी बसवणार. ते कुणी सांगायचं त्यांना? तू सांगशील? की तुझी वही सांगेल?"

मोजपट्टीनं खाली बघितलं. ते बसले होते ती नकाशाखोली शेडच्या वरच होती. खिडकीतून अर्धी बांधलेली गाडी माशाच्या सांगाड्यासारखी दिसत होती. हा मुद्दा खरा होता, आणि तिला खऱ्या मुद्द्यांची उत्तरं पटकन देता येत नसत. खोट्या मुद्द्यांना ती कधीच अडखळत नसे.

"मी सांगेन," ती खिडकीपासून वळत म्हणाली. "पण एकशे एकोणनव्वद पायऱ्या खाली आणायला माणसं लागतीलच ना. ती हीच असतील."

"लागतील तेव्हा. आज काय?" काकांनी खुर्ची पुढे ओढली, आवाज मऊ केला. "हे बघ पोरी, मी तुझ्या आड येत नाही. पायऱ्या उंच आहेत, म्हाताऱ्यांना त्रास होतो, खाली करा, हे सांग की. छान बोल. टाळ्या घे. फक्त कुणी बांधल्या ते कशाला?"

"पप्पा म्हणतात त्यात तसं..." दादानं सुरुवात केली.

"तसं काय?"

"म्हणजे... आज विषय मांडायचा. बांधणारे पुढच्या बैठकीत सांगायचे. गाड्यांचं काम एकदा पदरात पडू दे."

मोजपट्टीनं त्याच्याकडे पाहिलं. तिन्ही रविवारी टेपचं दुसरं टोक यानंच धरलं होतं. "तेवीस गाड्यांच्या पायऱ्या बरोबर आहेत, दादा. मग यांच्याच का नाहीत, हा पहिला प्रश्न येणार. तेव्हा मी काय करू? खोकू?"

दादाचे कान लाल झाले.

"ऐका, मला बोलायचंय," आत्या म्हणाली.

आत्या, काका आणि मोजपट्टीचे बाबा या तीन भावंडांत आत्या थोरली. ती या खोलीत अकरा वर्षांनी आली होती. लोखंडी जिन्याच्या चौदा पायऱ्या, प्रत्येक अठरा सेंटिमीटरची, ती एकेक करत, कुणाचा हात न घेता चढली होती.

"मी बसमध्ये चढताना पडले त्या दिवशी दवाखान्यात तू आला होतास," ती काकांना म्हणाली. "आल्या आल्या काय म्हणालास, आठवतंय?"

"ताई, आता तो विषय..."

"तू म्हणालास, बघून चढायला काय होतं तुला. मला ते पटलं. खरंच पटलं रे. वाटलं, सगळं गाव चढतंय, मीच वेंधळी. वाचनालयाची नोकरी सोडली, दोन बस बदलून जावं लागायचं म्हणून. अकरा वर्षं मी जाते कुठं? पायी जाता येईल तिथं. परवा या पोरीनं मला तो आकडा दाखवला. मी बघूनच चढले होते. पायरीच नऊ सेंटिमीटर वर होती."

खाली कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं आणि थांबायचं नाव घेत नव्हतं.

"आमच्या गाडीची पायरी पस्तिसावरच असते," आजोबा म्हणाले.

ते आतापर्यंत हातातल्या दांड्यावर हनुवटी टेकून बसले होते. त्या दांड्याला कारखान्यात सगळे 'हेडमास्तर' म्हणत. बरोबर पस्तीस सेंटिमीटरवर पितळेची आडवी पट्टी ठोकलेला लाकडी दांडा; आजोबांनी तो पहिली गाडी बांधताना केला होता. पट्टीवर पायरी टेकली नाही तर गाडी शेडबाहेर जात नसे. मिस्त्री आजोबांना एक वेळ उलट बोलत, हेडमास्तरला नाही.

"दांडा पस्तिसाचाच आहे, आजोबा," मोजपट्टी म्हणाली. "मी तीन वेगवेगळ्या टेपनं मोजलाय. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही."

"मग झालं तर."

"दांडा बरोबर आहे. तो कुठं उभा राहतो, तिथं घोटाळा आहे. खाली येता?"

"अण्णांना कशाला खाली नेतेस?" काका वडिलांकडे बघत म्हणाले.

पण आजोबा उठले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस मापाचं नाव काढलं की उठतो, हे ठाऊक असूनच ती बोलली होती, आणि त्याबद्दल तिला जरा वाईटही वाटलं.

खाली, त्या सांगाड्याच्या पलीकडे, बांधून पूर्ण झालेली नवी गाडी तिच्या जागेवर उभी होती. शेडच्या फरशीत लांबलचक दोन चर होते. गाडीची चाकं त्या चरांत बसत, म्हणजे काम चालू असताना गाडी घरंगळत नसे. मोजपट्टीनं हेडमास्तर दारापाशी फरशीवर उभा केला. पायरीची कड पितळेच्या पट्टीवर अशी अचूक टेकली की मधून कागद गेला नसता.

"समाधान झालं?" काका म्हणाले.

"आता गाडी अंगणात घ्या."

दादा गाडीत चढला. इंजिन गुरगुरलं, चाकं चरातून हिसका देत वर आली आणि गाडी उन्हात जाऊन थांबली. मोजपट्टीनं दांडा पुन्हा त्याच पायरीपाशी उभा केला. पट्टी खाली राहिली. पायरी वर राहिली. मधून पलीकडची भिंत दिसत होती.

बाबा पुढे आले. मोजपट्टीचे वडील हे भावंडांत धाकटे. कारखान्यातल्या प्रत्येक गाडीवरचं अक्षर आणि आकडा त्यांच्या ब्रशचा. घरात ते इतकं कमी बोलत की त्यांचा घसा बसला तरी दोन दिवस कुणाला कळत नसे. त्यांनी रंगानं माखलेला पंजा आडवा करून त्या फटीत घातला. पंजा सहज बसला आणि वर जागा उरली.

"नऊ," मोजपट्टी म्हणाली. "चर नऊ सेंटिमीटर खोल आहेत. चाकं चरात असतात, दांडा फरशीवर. आपण पायरी फरशीपासून मोजत आलो. पण माणूस फरशीवरून नाही चढत, तो चाकं जिथं असतात तिथून चढतो."

"तपासनीस यायचा की दर गाडीला," काका म्हणाले. पण त्यांचा आवाज आता कुणाला पटवण्यासाठी नव्हता.

"तोही इथंच उभा राहायचा," आजोबा हळू म्हणाले. "चहा घ्यायचा. माझाच दांडा लावायचा. सही करायचा."

अंगणाच्या टोकाला आजोबांनी बांधलेली पहिली गाडी होती. तिची चाकं कधीच काढून घेतली नव्हती. आत आता रंगाचे डबे असत. आजोबा तिकडे चालत गेले. दांडा त्यांनी स्वतः लावला. पायरी पट्टीवर बसली. ते वाकलेलेच राहिले. तेव्हा चर नव्हते. मग एक गाडी रिकाम्या शेडमधून घरंगळली, फाटक तोडून रस्त्यावर गेली, आणि त्याच आठवड्यात आजोबांनी पहारीनं स्वतः चर खणले. घरात ही गोष्ट कौतुकानं सांगितली जाई. मोजपट्टीनं ती शंभर वेळा ऐकली होती.

"माझ्या मागे सांगायचं होतंस," आजोबा म्हणाले. "थोडी वर्षं तर उरलीत."

"तोवर आत्यानं घरात बसायचं?"

रंगाच्या डब्यांतून वाट काढत आजोबा जुन्या गाडीतल्या एकुलत्या एक उरलेल्या बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

काका वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते अगदी सावकाश बोलले. "बघितलंस काय केलंस ते? आता ऐक. तू तिथं आमचं नाव घेतलंस तर तुमचं ते घडीचं लोखंड आजच्या आज माझ्या शेडमधून बाहेर. शिक्का तर विसरच."

"मग शिक्क्याशिवाय नेईन."

"रस्त्यावर लावू देणार नाहीत."

"तर का लावू देत नाहीत तेही तिथंच विचारेन. माझ्याकडे वीस सेकंद शिल्लक आहेत."

"दादा," काका मुलाला म्हणाले, "तू कुठं चाललास?"

दादा कुठंच चालला नव्हता. तो चावी हातात घेऊन गाडीच्या दारात उभा होता आणि स्वतःच्या बुटांकडे बघत होता. "मी इथंच आहे," तो म्हणाला. मोजपट्टीला ते टेपचं टोक सुटून सटकन अंगावर आल्यासारखं लागलं. तिनं वही उचलली.

"चल, मी येतो," बाबा म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"तू?" काका म्हणाले. "तू तिथं काय करणार?"

"बसेन. प्रत्येक गाडीवरचा नंबर माझ्या हातचा आहे. कुणी म्हणालं ही गाडी आमची कशावरून, तर सांगेन, अक्षर माझं आहे." एवढं बोलून ते दमल्यासारखे झाले आणि हात पुसायला फडकं शोधू लागले.

समितीचं सभागृह चालत अर्ध्या तासाच्या अंतरावर होतं. बस त्यांच्या कोपऱ्यावरूनच जात होती. आत्यानं बसकडे पाहिलं, पदर नीट केला आणि पायी चालायला लागली. तिघांना पाऊण तास लागला.

विषय क्रमांक सहा चार वाजून बावीस मिनिटांनी आला. समोर अकरा सदस्य होते. मोजपट्टी उभी राहिली, वही उघडली आणि वाचत गेली: दोनशे बारा, एकशे एकोणनव्वद, तेवीस, पस्तीस, चव्वेचाळीस, चर, नऊ. कारखान्याचं नाव तिनं स्पष्ट वाचलं, आवाज न चढवता, न उतरवता. मागच्या बाकांवर थांब्यांवरून आलेली माणसं होती. नर्स त्यांच्यात काठ्या आणि कुबड्या ठेवायला जागा करून देत होती.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "हा कारखाना तुमच्या घरचाच ना?"

"हो."

"मग घरातली भांडणं इथं कशाला आणता?"

"भांडण घरी ठेवून आलेय, साहेब. इथं फक्त माप आणलंय."

मागून हशा आला. अध्यक्षांनी तो टेबलावर पेन आपटून मिटवला. "टेप काय, कशीही धरता येते. नोंदलेल्या कारखान्याचं तपासलेलं माप आमच्याकडे आहे. तुमच्यासारख्या उत्साही मुलांच्या वह्या रोज येतात. तुमची सूचना नोंदवून घेतली. पुढचा विषय..."

"मी बसणार नाही," मोजपट्टी म्हणाली.

"काय?"

"माझी वीस सेकंद आहेत अजून. आणि ती संपली तरी मी बसणार नाही. खाली दारात थांबा आहे. दर सात मिनिटांनी गाडी येते. तुम्ही अकरा जण खाली या आणि तुमच्या टेपनं मोजा. माझं चुकलं असेल तर मी या सगळ्यांसमोर वही फाडते. तुमचं चुकलं तर तुम्ही काहीच फाडू नका, फक्त पायरी खाली आणा."

मागच्या बाकावर आत्या उभी राहिली. "मीही बसत नाही," ती म्हणाली. मग काठीचा आवाज झाला, कुबडीचा झाला, आणि एकेक करत मागची माणसं उठत गेली. ज्यांना उठायला वेळ लागतो त्यांनी वेळ घेतला. शेवटी बाबा उठले. शिपाई दारातून अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष दाराकडे बघत राहिले.

दारातच आजोबा उभे होते. हातात हेडमास्तर, मागे घामेजलेला दादा, त्याच्या शर्टावर ठिणग्यांनी पडलेली ताजी भोकं.

"गाडी मी बांधली," आजोबा म्हणाले. "चर मी खणले. पोरीचं माप बरोबर आहे. नोंदलेला कारखाना मीच. आता हेही नोंदवून घ्या." त्यांनी दांडा अध्यक्षांच्या टेबलावर आडवा ठेवला. "हा बरोबर आहे. रस्त्यावर उभा करा म्हणजे झालं."

अध्यक्ष खाली आले. सगळेच आले. थांब्यावर ओळीनं तीन गाड्या मोजल्या: चव्वेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. चौथी मोजायच्या आधी एक वयस्कर सदस्य म्हणाले की पुरे, आणि आपलेही गुडघे दुखतात हे त्यांनी पहिल्यांदाच चारचौघांत सांगितलं.

वर जाऊन मतदान झालं. एकशे एकोणनव्वद गाड्यांना घडीची पायरी लावायची, कारखान्यानं स्वतः: बाजूनं सात, विरुद्ध चार. चाळीस नव्या गाड्यांचा निर्णय कारखान्याची फरशी तपासून होईपर्यंत महिनाभर पुढे. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वीस घरांचं काय, हा प्रश्न मोजपट्टीच्या डोक्यात तसाच उभा होता आणि तिनं तो वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवला.

खाली रस्त्याच्या कडेला दुपारची ती नवी गाडी उभी होती. तिच्या दाराखाली घडीची पायरी जोडलेली होती. जोड अजून निळसर दिसत होता.

"कधी केलंस?" तिनं दादाला विचारलं.

"तुम्ही गेल्यावर. म्हटलं ना, मी इथंच आहे म्हणून." तो कान खाजवत म्हणाला. "तासभर तुमच्या नावानं बडबडत होते पप्पा. मग मला म्हणाले, जोड सरळ घे, वाकडा घेतोयस."

मोजपट्टी खाली वाकली. पायरीच्या बगलेत, जिथं बघायला मुद्दाम वाकावं लागतं तिथं, कारखान्याचा शिक्का ठोकलेला होता. खोल, एका घावात, किंचितही न हललेला. किल्ली कुणाकडे असते ते दोघांनाही माहीत होतं.

"काका कुठं आहेत?"

"शेडमध्ये. चर भरायला वाळू-सिमेंट मागवलंय. चौघा मिस्त्रींना रागावून झालं होतं मी निघालो तेव्हा."

दादानं दार उघडलं. पायरी खाली उतरली आणि थांबली. आत्या थोडी लांब उभी होती, दोन्ही हात पोटाशी धरून. बाबांनी आधार द्यायला हात पुढे केला. तिनं तो बाजूला सारला.

"माझं माप घेतेयस ना?" तिनं मोजपट्टीला विचारलं.

"घेतेय."

"मग नीट लिही."

मोजपट्टीनं वहीचं नवं पान काढलं आणि लिहिलं:

गाडी पहिली. रस्ता ते घडीची पायरी: बावीस सेंटिमीटर. घडीची पायरी ते पहिली पायरी: बावीस सेंटिमीटर. चढणारी: आत्या, वय एकसष्ट. आधार: नाही. वेळ: चार सेकंद.